कानाच्या पाळीमागचा कागद

गोंदिया जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाकडे रात्री पाहिले, तर काचेतून निळा उजेड बाहेर येताना दिसतो. आत एखादे तीन-चार दिवसांचे बाळ डोळ्यांवर पट्टी आणि कमरेला लंगोट एवढ्यावर दिव्याखाली झोपलेले असते. बाहेर बाकावर बसलेल्या आजीला काळजी असते, की नुसत्या उजेडाने कावीळ कशी उतरणार? त्याच इमारतीत ओपीडीत आलेल्या प्रत्येकाच्या बोटाला एक चिमटा लावतात. त्यातला लाल दिवा लुकलुकतो आणि रक्तात प्राणवायू किती आहे ते पडद्यावर दिसते. आणि सिकलसेलच्या मुलाला घेऊन सालेकसा किंवा देवरीकडून आलेल्या एखाद्या बापाने मोबाइलवर जाहिरात पाहिलेली असते: मनगटावर लेझरचे घड्याळ बांधा, रक्त शुद्ध होईल, तांबड्या पेशी सुधारतील. ते घ्यावे का, हा त्याचा प्रश्न असतो.

तिन्ही ठिकाणी गोष्ट एकच आहे, प्रकाश आणि रक्त. पहिल्या दोन ठिकाणी प्रकाश खरोखर काम करतो. तिसऱ्या ठिकाणी काय, हे समजून घ्यायचे तर सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका आजारी डॉक्टरकडे जावे लागते. नील्स र्युबर्ग फिन्सेन हे त्यांचे नाव. प्रकाशाने रोग बरा करण्याचे शास्त्र त्यांनी उभे केले आणि त्यासाठी 1903 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्या वाटेवरचा त्यांचा एक प्रयोग अगदी साधा होता. त्याला एक कान, दोन काचा आणि फोटोच्या कागदाचा तुकडा एवढेच साहित्य लागले.

उन्हाला पारखा मुलूख

नील्सचा जन्म 15 डिसेंबर 1860 रोजी फेरो बेटांवरच्या टोर्शावन या गावी झाला. ही बेटे उत्तर अटलांटिक समुद्रात, आइसलँड आणि नॉर्वे यांच्यामध्ये आहेत आणि डेन्मार्कच्या ताब्यात आहेत. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे सरकला की आपण उन्हापासून तोंड लपवतो. फेरो बेटांवर डिसेंबरात सूर्य जेमतेम पाच तास वर असतो आणि तोही ढगांआड. तिथल्या माणसाला ऊन ही मोजून मिळणारी वस्तू वाटते.

वडील सरकारी अधिकारी होते, घराणे मूळचे आइसलँडचे. नील्स चार वर्षांचा असताना आई वारली. शाळेसाठी त्याला डेन्मार्कमधल्या हेर्लुफ्सहोल्म इथे पाठवले. तिथल्या मुख्याध्यापकांचे मत होते की मुलगा मनाने चांगला आहे, पण बुद्धीने आणि उत्साहाने बेताचाच. मग त्याला वडिलांच्या जुन्या शाळेत, आइसलँडमधल्या रेक्याविक इथे घातले. 1882 मध्ये तो वैद्यकीय शिक्षणासाठी कोपनहेगनला आला आणि 1890 मध्ये डॉक्टर झाला.

पदवी हाती येण्याच्या कितीतरी आधी आजाराने गाठले होते. विशीतच पोटात पाणी साठू लागले, दम लागू लागला, थकवा कायमचा झाला. यकृत, हृदय आणि प्लीहा यांच्यावरची आवरणे हळूहळू जाड होत जाण्याचा हा विकार होता. त्यावर तेव्हा उपाय नव्हता. पोटातले पाणी सुईने काढायचे, ते पुन्हा भरायचे, पुन्हा काढायचे. फिन्सेन यांच्या आयुष्यात हे अनेकदा झाले. शेवटची काही वर्षे तर चाकांच्या खुर्चीत गेली.

विद्यार्थिदशेत ते उत्तरेकडे तोंड असलेल्या खोलीत राहत. तिथे ऊन येत नसे. अंगात रक्त कमी आणि कायम थकवा, अशा अवस्थेत त्यांच्या मनात आले की आपल्याला ऊन मिळाले तर बरे वाटेल. ते जमेल तेव्हा उन्हात जाऊन बसू लागले आणि त्यांना थोडी हुशारी वाटू लागली. पण का वाटते, हे कुणाला सांगता येईना. त्या काळच्या पुस्तकांत उत्तर नव्हते.

एकदा समोरच्या छपरावर त्यांना एक मांजर ऊन खात बसलेले दिसले. सावली सरकत आली, की मांजर उठून पुन्हा उन्हात जाऊन बसे. सावली पुन्हा आली, की पुन्हा उठे. मांजराला उन्हातून काहीतरी मिळत असणार, असे त्यांनी मनाशी धरले. असे निरीक्षण कुणीही करील. फिन्सेन यांचे वेगळेपण पुढे आहे. ऊन चांगले असते एवढ्यावर ते थांबले नाहीत. उन्हातला कोणता रंग, शरीरात किती खोल जातो आणि तिथे काय करतो, हे त्यांना हवे होते.

लाल खोली

पदवीनंतर ते विद्यापीठात शरीररचनाशास्त्र विभागात प्रेतविच्छेदनाची तयारी करून देण्याचे काम करत होते. 1892 च्या डिसेंबरात इंगेबोर्ग बाल्सलेव्ह यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी ती नोकरी सोडली. तब्येत अशी, नवा संसार आणि उत्पन्न शिकवण्यांचे. पण आता वेळ प्रकाशासाठी मोकळा होता.

1893 मध्ये त्यांनी त्वचेवर होणाऱ्या प्रकाशाच्या परिणामांवर लेख लिहिला. सूर्यप्रकाशात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंग असतात आणि जांभळ्याच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्वचा भाजते ती उन्हाच्या उष्णतेने, असा समज होता. पण ती मुख्यतः निळ्या-जांभळ्या आणि अतिनील बाजूने भाजते, तांबड्या बाजूने नाही, हे तेव्हा नुकतेच कळू लागले होते. त्यावरून फिन्सेन यांनी देवीच्या रोग्यांसाठी एक उपाय सुचवला. रोग्याला लाल काचा किंवा लाल पडदे लावलेल्या खोलीत ठेवावे. त्रासदायक किरण आत येणार नाहीत, फोड पिकणार नाहीत आणि व्रण कमी राहतील. नॉर्वेमधल्या बर्गन इथल्या डॉक्टरांनी ते करून पाहिले आणि चांगला गुण आल्याचे कळवले.

पुढे इतर ठिकाणी मात्र तसा फायदा दिसला नाही आणि लाल खोल्या मागे पडल्या. नोबेल मिळवणाऱ्या डॉक्टरचाही प्रत्येक उपाय खरा ठरत नाही. थोड्या रोग्यांवर दिसलेला गुण मोठ्या संख्येवर टिकतो का, हे पाहावेच लागते. लेझरच्या घड्याळाची गोष्ट येईल तेव्हा हे आठवायला हवे.

वीज कंपनीतला रोगी

आतापर्यंत प्रश्न प्रकाशाच्या त्रासाचा होता. आता फिन्सेन यांनी तो उलटा केला. जे किरण त्वचा भाजू शकतात, ते त्वचेतल्या जंतूंना मारू शकतील का? निळ्या-जांभळ्या किरणांनी जंतू मरतात हे प्रयोगशाळेत दिसले होते. त्यांनी निवडलेला रोग म्हणजे त्वचेचा क्षय. क्षयाचेच जंतू चेहऱ्याच्या कातडीत घर करत. नाक, गाल, ओठ वर्षानुवर्षे कुरतडले जात. रोगी मरत नसे, पण समाजातून उठत असे. लोक तोंड फिरवत, काम मिळत नसे. डॉक्टर ती जागा खरवडत, डागत, आणि रोग पुन्हा उगवे.

डेन्मार्कच्या उन्हावर विसंबणे शक्य नव्हते. मग त्यांनी कोपनहेगनच्या वीज कंपनीचे दार ठोठावले. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये विजेची ठिणगी सतत पेटती ठेवणारे प्रखर आर्क दिवे तिथे होते. त्या कंपनीतूनच पहिला रोगी मिळाला. नील्स मोगेन्सेन नावाच्या या इंजिनिअरचा चेहरा आठ वर्षे त्वचेच्या क्षयाने ग्रासला होता आणि सगळे उपाय थकले होते. नोव्हेंबर 1895 मध्ये त्याच्यावर उपचार सुरू झाले. दररोज, तासन्‌तास, आर्क दिव्याचा उजेड भिंगांनी एका लहान जागेवर एकवटायचा. उष्णतेने कातडी भाजू नये म्हणून तो पाण्यातून गाळून घ्यायचा. काही महिन्यांत व्रण भरून आले.

गुण येत होता, पण फार सावकाश. उजेड कातडीत शिरताना कुठेतरी अडत होता. कुठे?

आता तो कागदाचा प्रयोग. फिन्सेन यांनी माणसाच्या कानाच्या पाळीमागे फोटोचा कागद ठेवला. हा कागद निळ्या-जांभळ्या उजेडाने काळा पडतो. समोरून पाळीवर प्रखर उजेड टाकला. पाच मिनिटे झाली तरी कागद काळा पडला नाही. मग पाळी दोन काचांमध्ये घट्ट दाबली, इतकी की रक्त निघून जाऊन ती पांढरीफटक पडली. पुन्हा तोच दिवा, तसाच कागद. वीस सेकंदांत कागद काळा झाला.

पाळी तीच होती, कातडी तीच होती. फरक होता फक्त रक्ताचा. म्हणजे वाटेत उजेड गिळत होते ते रक्त.

हे घरीही पाहता येते. अंधारात मोबाइलचा टॉर्च बोटामागे धरला, की बोट लालभडक दिसते. टॉर्चचा उजेड पांढरा असतो, त्यात सगळे रंग असतात. निळा, हिरवा बोटातच संपतो आणि तांबडा तेवढा पलीकडे निघतो. गिळणारा पदार्थ म्हणजे तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन. एका थेंबाच्याही छोट्या भागात, एका घन मिलिमीटरमध्ये, सुमारे पन्नास लाख तांबड्या पेशी असतात आणि प्रत्येक पेशी हिमोग्लोबिनने ठासून भरलेली असते. निळ्या-जांभळ्या किरणांना हिमोग्लोबिन मोठ्या प्रमाणात शोषते, हिरव्या-पिवळ्यांना बऱ्यापैकी आणि तांबड्यांना फार थोडे. रक्त आपल्याला लाल दिसते ते याचमुळे.

या एका निरीक्षणाने उपचार बदलला. फिन्सेन यांनी गारगोटीच्या शुद्ध स्फटिकाच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या चकत्या बनवून घेतल्या, कारण साधी काच अतिनील किरण अडवते. चकतीच्या आतून थंड पाणी खेळते ठेवले. ती चकती रोग्याच्या चेहऱ्यावर दाबून धरायची. रक्त बाजूला होते, कातडी थंड राहते आणि उजेड खोल जातो. हे दाबून धरण्याचे काम परिचारिका करत. एका मोठ्या दिव्याभोवती चार नळ्या, चार रोगी आणि प्रत्येकाजवळ एक परिचारिका. डोळ्यांवर गडद चष्मा लावून तास-तासभर ती चकती हलू न देता धरून बसायची. एका वेळी उपचार होई तो नाण्याएवढ्या जागेवर. पूर्ण चेहरा बरा व्हायला महिने लागत, कधी वर्षे.

शेवटची वर्षे

1896 मध्ये कोपनहेगनमध्ये फिन्सेन यांची प्रकाशोपचार संस्था सुरू झाली. पहिल्या पाच-सहा वर्षांत त्वचेच्या क्षयाच्या आठशेहून अधिक रोग्यांवर तिथे उपचार झाले आणि त्यांतले बहुसंख्य बरे झाले. प्रत्येकाची नोंद ठेवली जाई, उपचारापूर्वीचे आणि नंतरचे फोटो काढले जात. डेन्मार्कच्या राजघराण्यातल्या अलेक्झांड्रा तेव्हा इंग्लंडच्या युवराज्ञी होत्या. त्यांच्या पुढाकाराने 1900 मध्ये लंडनच्या रुग्णालयात फिन्सेन दिवा पोहोचला आणि मग युरोपभर गेला.

1903 च्या डिसेंबरात नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा फिन्सेन 43 वर्षांचे होत होते. स्टॉकहोमला जाण्याइतकी ताकद अंगात उरली नव्हती. पारितोषिकाच्या रकमेतला मोठा वाटा त्यांनी संस्थेला दिला.

प्रकाशाने इतरांचे चेहरे बरे केले, पण त्यांचा स्वतःचा आजार त्याच्या आवाक्यातला नव्हता. हे ओळखून त्यांनी शेवटी स्वतःवरच दुसरे निरीक्षण चालवले. किती मीठ खाल्ले, किती पाणी प्यायले, वजन किती, पोटात पाणी किती, हे ते रोज मोजून लिहीत. शरीरात मीठ साठते म्हणून पाणी साठते, आणि मीठ-पाणी कमी केले की पोट थोडे उतरते, असे त्यांना आढळले. 1904 मध्ये त्यावर त्यांनी लेख लिहिला. हृदयाच्या आणि यकृताच्या रुग्णांना आज मीठ कमी खा असे सांगितले जाते, त्याच दिशेचे हे काम होते. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. वय 43.

पुढे स्ट्रेप्टोमायसिनसारखी क्षयावरची औषधे आली आणि फिन्सेन दिवे अडगळीत गेले. 2005 मध्ये डेन्मार्कच्याच संशोधकांनी ती जुनी उपकरणे पुन्हा तपासली. अतिनील किरणांनी जंतू मरतात असे फिन्सेन समजत होते, पण त्यांच्या दिव्यांच्या रचनेतून अतिनील किरणांतला सर्वांत मारक भाग बाहेर पडतच नव्हता. संशोधकांनी मांडलेला खुलासा असा, की क्षयाच्या जंतूंमध्ये पॉर्फिरिन नावाचे रंगद्रव्य असते, ते निळा-जांभळा उजेड शोषते आणि त्यातून तयार होणारा तीव्र प्राणवायू जंतूला मारतो. फिन्सेन यांचा उपचार खरा ठरला, त्यामागचे त्यांचे कारण अपुरे ठरले. गंमत अशी, की हिमोग्लोबिनमधला लाल भागही पॉर्फिरिनचाच बनलेला असतो. रोगी बरा करणारा आणि वाट अडवणारा, दोन्ही पदार्थ एकाच कुळातले निघाले.

नियम मात्र टिकला. उजेड जिथे शोषला जातो, तिथेच काम करतो. वाटेत कुणी शोषला, तर पुढे पोहोचत नाही. आणि शोषणारे कुणीच नसेल, तर तो नुसता आरपार जातो, काही करत नाही.

मोजणारा आणि न मोजणारा

फिन्सेन यांच्या यशानंतर प्रकाशाच्या नावावर काहीही खपू लागले. त्यातला एक प्रसिद्ध माणूस आपल्या मुंबईचा होता. दिनशाह घडियाली यांचा जन्म 1873 मध्ये मुंबईत झाला. 1911 मध्ये ते अमेरिकेत स्थायिक झाले आणि 1920 मध्ये त्यांनी स्पेक्ट्रो-क्रोम नावाची पेटी काढली. पेटीत मोठा दिवा, पुढे रंगीत काचा. कोणत्या रोगाला कोणता रंग, याचा तक्ता सोबत. मधुमेहापासून क्षयापर्यंत सगळ्यांवर उपाय. हजारो पेट्या खपल्या. 1947 मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले, मोठा दंड केला. बरे झाले म्हणून ज्यांची उदाहरणे दिली जात, त्यांतले काही बरे झालेच नव्हते, हे खटल्यात उघड झाले.

दोघांकडेही दिवा होता आणि काच होती. फिन्सेन यांनी एक रोग निवडला, उजेड किती खोल जातो ते मोजले, रोग्यांच्या नोंदी ठेवल्या. घडियाली यांनी कानामागे कागद ठेवून पाहिला नाही.

निळा दिवा, लाल चिमटा

फिन्सेन यांच्या नियमाचे सर्वांत मोठे फळ त्यांच्यानंतर अर्ध्या शतकाने मिळाले. 1956 मध्ये इंग्लंडमधल्या रोचफर्ड इथल्या रुग्णालयात जीन वॉर्ड या परिचारिका बाळांना थोडा वेळ बागेत नेत. कावीळ झालेल्या एका बाळाची उघडी कातडी उन्हाने फिकी झाली होती आणि चादरीखालचा भाग पिवळाच राहिला होता. त्यांनी ते डॉक्टरांना दाखवले. 1958 मध्ये डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी प्रकाशोपचारावरचा पहिला लेख प्रसिद्ध केला.

नवजात बाळाच्या जादा तांबड्या पेशी जन्मानंतर फुटतात. त्यांतल्या हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य बनते. बाळाचे यकृत कोवळे असल्याने ते लगेच बाहेर टाकू शकत नाही. फार वाढले तर ते मेंदूत शिरून कायमचे नुकसान करते. बिलिरुबिन निळा उजेड शोषते आणि त्याच्या रेणूचा आकार बदलतो. बदललेला रेणू पित्तातून आणि लघवीतून बाहेर पडू शकतो. बाळाची कातडी पातळ असते आणि बिलिरुबिन कातडीतच साठलेले असते, म्हणून उजेड पोहोचतो. बाहेर बसलेल्या आजीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. अंगणातल्या कोवळ्या उन्हात बाळाला धरणे हा त्याला पर्याय नाही. तिथे उजेड मोजलेला नसतो आणि उन्हाने बाळ तापते. पहिल्या चोवीस तासांत पिवळे झालेले, हातापायांच्या तळव्यांपर्यंत पिवळे झालेले किंवा सुस्त होऊन दूध सोडलेले बाळ त्याच दिवशी रुग्णालयात न्यायला हवे.

बोटाचा चिमटा म्हणजे पल्स ऑक्सिमीटर. तो त्या कागदाचा थेट वारस आहे आणि सुरुवातीची अशी यंत्रे कानाच्या पाळीलाच लावत. प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन तांबडा उजेड वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. चिमटा बोटातून तांबडा आणि अवरक्त असे दोन किरण पाठवतो, पलीकडे किती पोहोचले ते मोजतो आणि हिशेब मांडतो. जपानचे ताकुओ आओयागी यांनी 1970 च्या दशकात ही पद्धत बसवली. कोरोनाच्या साथीत ती गावोगावी आशाताईंच्या पिशवीत पोहोचली.

लेझरचे घड्याळ

लेझर 1960 मध्ये आला. हंगेरीचे डॉ. एंद्रे मेस्टर 1967 मध्ये उंदरांवर लेझरचे प्रयोग करत होते. त्यांचे यंत्र अपेक्षेपेक्षा कमी शक्तीचे होते. गाठी गेल्या नाहीत, पण उंदरांचे भादरलेले केस लवकर उगवले. तिथून कमी शक्तीच्या, ऊब न देणाऱ्या लेझरचा अभ्यास सुरू झाला. आज कर्करोगाच्या उपचारात तोंडात होणाऱ्या जखमा टाळण्यासाठी तो मान्यताप्राप्त मार्गदर्शनानुसार वापरला जातो. म्हणजे हे सगळेच थोतांड आहे असे नाही.

तांबड्या पेशींचे काय? परीक्षानळीत काढलेल्या रक्तावर कमी शक्तीचा तांबडा लेझर टाकून बरेच प्रयोग झाले आहेत. काहींत पेशी एकमेकींना कमी चिकटल्या, काहींत जास्त लवचीक झाल्या, काहींत यंत्रातून फिरवताना कमी फुटल्या. काहींत काहीच फरक दिसला नाही. उजेडाची मात्रा वाढवली, की पेशींना इजाही होते. दुसऱ्या पेशींमध्ये असा लेझर मायटोकॉन्ड्रिया या ऊर्जाघरांवर काम करतो असे मानतात. परिपक्व तांबड्या पेशीत ऊर्जाघरही नसते आणि केंद्रकही नसते. म्हणून परिणाम झाला तर तो कोणत्या वाटेने, हे अजून वादात आहे.

आणि परीक्षानळीत कातडी नसते. मनगटावरच्या घड्याळातून निघालेल्या उजेडाला आधी कातडी ओलांडायची असते. फिन्सेन यांना पाळी दाबून पांढरी करावी लागली होती, हे इथे आठवावे. तांबडा उजेड निळ्यापेक्षा खोल जातो हे खरे, पण काही मिलिवॉट शक्तीचा उजेड, मनगटातून सेकंदभरात पुढे निघून जाणारे रक्त आणि अंगातले पाच लिटर, हा हिशेब जाहिरातीत नसतो.

सिकलसेलमध्ये तर प्रश्न आणखी मूळचा आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात हा आजार घराघरांत ठाऊक आहे. आई-वडिलांकडून आलेल्या जनुकातल्या एका बदलामुळे हिमोग्लोबिन असे बनते, की प्राणवायू सोडल्यावर त्याचे रेणू एकमेकांना चिकटून कांड्या होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी पेशी 120 दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच फुटते. बारीक रक्तवाहिन्या तुंबल्या, की हाडे ठणकतात. पावसाळ्यात रोवणीच्या बांधीत दिवसभर गार पाण्यात उभे राहिल्यावर, किंवा उन्हाळ्यात पाणी कमी प्यायल्यावर असा ठणका उठतो. शरीर नवी पेशी बनवते तीही त्याच जनुकाची. उजेडाने जनुक बदलत नाही.

उपयोगी पडते ते वेगळे आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड, लसी, भरपूर पाणी, ताप आला की लगेच दवाखाना. लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी, कारण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळ सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता चारात एक असते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम 2023 पासून सुरू आहे आणि सरकारी रुग्णालयांत तपासणी मोफत होते. सिकलसेलने डोळ्याच्या पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या, तर नेत्रतज्ज्ञ लेझर वापरतात. तो लेझर खरा उपयोगी आहे, कारण तो कुठे शोषला जाईल आणि काय करील, हे आधी माहीत असते.

घड्याळाचे पैसे मोजण्यापूर्वी त्या बापाने विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारावेत. हा उजेड कातडीतून रक्तापर्यंत किती पोहोचतो, आणि सिकलसेलच्या किती रुग्णांवर तपासून पाहिला? फिन्सेन यांनी पहिले उत्तर कागदाच्या तुकड्याने शोधले आणि दुसरे आठशे रोग्यांच्या नोंदवहीने. उत्तर मिळेपर्यंत मुलाची हायड्रॉक्सियुरियाची गोळी मात्र एक दिवसही चुकू देऊ नये.